दातावर मारायला पैसा नाही

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यांत सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना उंची, छाती आणि सोळाशे मीटरची वेळ तोंडपाठ असते. दातांनाही गुण असतात, हे मात्र बहुतेकांना वैद्यकीय तपासणीच्या रांगेतच कळते. हिशेब सोपा आहे. वरखाली नीट जुळणाऱ्या पुढच्या दातांच्या, सुळ्यांच्या आणि लहान दाढांच्या जोडीला एक गुण, मोठ्या दाढांच्या जोडीला दोन. बत्तीसच्या बत्तीस शाबूत असतील तर २२ गुण होतात. भरतीला किमान १४ लागतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अक्कलदाढा बहुधा आलेल्याच नसतात, त्यामुळे त्याची मोजणी १८ पासून सुरू होते. खालची एक मोठी दाढ गेलेली असेल तर वरची धडधाकट असूनही त्या जोडीचे दोन्ही गुण जातात. लहानपणी डाव्या आणि उजव्या बाजूची एकेक दाढ काढून घेतलेला मुलगा असा थेट काठावर येऊन उभा राहतो.

त्या दोन दाढा का काढल्या, हे भरती केंद्रावर कोणी विचारत नाही. कीड लागली म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. कीड कोथरूडमधल्या मुलाच्या दाढेलाही लागते. तिथे ती दाढ भरली जाते, फारच खोल गेली असेल तर रूट कॅनाल होऊन वर कॅप बसते. जत किंवा माण तालुक्यातल्या वस्तीवरच्या मुलाची तीच दाढ चिमट्यात धरून बाहेर काढली जाते. दोघांचा रोग एकच. उपचार बापाच्या खिशाने ठरवला.

दातांच्या बाबतीतली विषमता मोजायची तर रोग किती जणांना झाला एवढे पाहून भागत नाही. किडलेल्या दाताचे पुढे काय झाले, ते पाहावे लागते. याची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हॅगर्सटाउन नावाचे गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलांच्या पाहणीवरून हेन्री क्लाइन, कॅरोल पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये तीन रकान्यांचा एक निर्देशांक मांडला: किडलेले, गेलेले, भरलेले. तिन्हींची बेरीज म्हणजे त्या तोंडाने आजवर सोसलेली कीड. जगभरचे दंतवैद्य आजही हाच निर्देशांक वापरतात; पण चर्चा होते ती बहुतेक वेळा बेरजेची, आणि खरी गोष्ट रकान्यांत दडून राहते. दोन मुलांची बेरीज चार-चार असू शकते. एकाचे चारही दात भरलेले असतात, दुसऱ्याचे दोन किडके आणि दोन गेलेले. गरिबांच्या तोंडात तिसरा रकाना जवळजवळ रिकामा असतो.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी केली, तेव्हा बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या दातांना कीड आढळली. ३५ ते ४४ या वयोगटात तर सुमारे ८० टक्क्यांच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साडेतीन अब्ज माणसे तोंडाच्या कुठल्या ना कुठल्या रोगाने त्रस्त आहेत आणि त्यांतल्या चारपैकी तिघांचे वास्तव्य मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहे. म्हणजे आपल्यासारख्यांत. साखर परवडू लागली आहे, पण दंतवैद्य अजून परवडत नाही, असे हे देश. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वाडीवस्तीवरच्या टपरीत पोहोचला. दाढ भरणारा डॉक्टर तालुक्याच्या स्टँडपाशीच थांबला.

परवडणे म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि साधी कॅप यांचे मिळून सहा हजार धरले, मुंबई-पुण्यात याहून बरेच जास्त पडतात, तरी ते एकोणीस दिवसांचे काम झाले. शिवाय हे काम एका बैठकीत उरकत नाही. दोन-तीन खेपा म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे वेगळे. दाढ काढायला काही शे रुपये आणि एकच खेप. अशा घरातला माणूस काय निवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मुळात तो इतक्या लवकर दवाखान्याची पायरी चढतच नाही. आधी दाढेत लवंग, मग लवंगेचे तेल, मग मेडिकलमधून मागून आणलेली गोळी, त्यावर कुणीतरी सांगितलेल्या अँटिबायोटिकचे अर्धवट दोन-तीन डोस. गाल सुजला, रात्रभर ठणका लागला की मग सकाळची बस. घरातली बाई असेल तर सकाळची बसही चार दिवसांनी, कारण तिच्या दुखण्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. तोवर भरण्याजोगी दाढ उरलेली नसते.

दंतवैद्यच कमी आहेत म्हणून असे होते, हा समज मोठ्या प्रमाणावर आहे. तो खोटा आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली आहे, म्हणजे कागदावर साधारण पावणेपाच हजार लोकांमागे एक. आता सरकारी बाजू पाहा. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत प्राथमिक आरोग्य केंद्राला दंतवैद्य दिलेलाच नव्हता. तो भेटतो त्याच्या वरच्या पायरीवर, सामुदायिक आरोग्य केंद्रात. महाराष्ट्रात ती जागा ग्रामीण रुग्णालयांची आहे. असे एक केंद्र सपाटीच्या भागात १ लाख २० हजार लोकांसाठी आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजारांसाठी असते. तिथे दंतवैद्य किती? एक. तोही पद भरलेले असेल, खुर्ची चालू असेल आणि वीज गेली नसेल तर.

दुसरीकडे ठाण्या-डोंबिवलीतल्या एकाच रस्त्यावर दंत दवाखान्यांच्या चार-पाच पाट्या दिसतात. कित्येक नवे बीडीएस पदवीधर दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्क्यांवर काम करतात, काही केस रोपणाच्या केंद्रांत गेले आहेत, काहींनी पेशाच सोडला. खासगी महाविद्यालयाची भरमसाट फी भरून आणि दवाखान्यासाठी कर्ज काढून बसलेल्या मुलाने भामरागडला खुर्ची टाकावी, ही अपेक्षा भाबडी आहे. तो तिथे जाईल तो पगारावर. पगाराचे पदच निर्माण केलेले नाही. तेव्हा डॉक्टर आहेत आणि रुग्णही आहेत. दोघांच्या मधली नोकरी शासनाने केलेली नाही, आणि या साऱ्या गोंधळातला मुख्य दोष तोच आहे.

जिथे पद आहे तिथलेही चित्र पाहण्यासारखे आहे. दाढ काढायला भुलीचे इंजेक्शन, चिमटा आणि वीस मिनिटे पुरतात. भरायला चालणारा कॉम्प्रेसर, पाणी, एक्स-रे, साहित्याचा साठा आणि वेळ लागतो. साहित्य संपले की पुढची खरेदी होईपर्यंत ओपीडीत उरतो तो फक्त चिमटा. समोर पन्नास केसपेपर पडलेले असताना एकट्या डॉक्टरने रूट कॅनालला पाऊण तास द्यायचा तर बाकीच्यांनी परत जायचे. म्हणून तोही शेवटी काढूनच टाकतो. त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल.

मोठ्या उपचारांसाठी दंत महाविद्यालयांकडे जायचे, तर जुनी शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन ठिकाणी; शिवाय मुंबई महापालिकेचे नायर. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. सिंधुदुर्गातल्या माणसाला त्यापेक्षा गोव्यातले बांबोळी बरे पडते. तिथले शासकीय दंत महाविद्यालय १९८० पासून सुरू आहे, आणि गोवा एवढासा असल्याने काणकोणचा माणूसही सकाळी निघून संध्याकाळी घरी परततो. खासगी महाविद्यालये विद्यार्थ्यांना हात बसवायला रुग्ण हवेत म्हणून आसपासच्या गावांत गाड्या पाठवतात, स्वस्तात दाढा भरतात. हेतू काही असो, पंचक्रोशीतल्या लोकांचे त्यात भले होते. पण महाविद्यालय कुठे निघाले ते संस्थाचालकांच्या सोयीने ठरले, रोगाच्या नकाशावरून नव्हे.

उरला विमा. खासगी आरोग्य विम्याच्या साध्या पॉलिसीत अपघात वगळता दाताचे उपचार सहसा बसत नाहीत. सरकारी योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये जबड्याचे फ्रॅक्चर बसते, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रियाही बसते. बाह्यरुग्ण विभागात भरायची दाढ बसत नाही. जबडा काढायला सरकार भरपूर पैसे मोजते आणि त्या तोंडात वेळेवर डोकावून पाहायला शेकड्यातही नाही. याला आर्थिक शिस्त म्हणत असतील तर ती कुठल्या शाळेत शिकवतात ते पाहायला हवे.

जबड्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग ओठ आणि तोंडाचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे होते जेमतेम ३.८ टक्के. आपल्याकडचा तंबाखू तोंडातच राहतो. त्यात मशेरीची कथा निराळी. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्राने १९९२ मध्ये बंदी केली, गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कुठल्या कारखान्याचा परवाना लागत नाही. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी बायका सांगतात की दाढ दुखायची म्हणून मशेरी लावायला सुरुवात केली, मग ती सुटली नाही. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या ‘कोयत्या’सोबत, म्हणजे ऊसतोड जोडप्यासोबत, मशेरीची डबी जाते. दंतवैद्य त्या फडावर पोहोचत नाही. या जोडप्यांची मुले सहा महिने गावच्या शाळेत नसतात, त्यामुळे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत दात तपासून जाते तेव्हा नेमकी हीच मुले गैरहजर. म्हणजे दाढ भरून मिळाली नाही म्हणून मशेरी, मशेरीने तोंडात पांढरा चट्टा, आणि तो पाहणारे कोणी नाही म्हणून पुढे टाटा रुग्णालयाची वारी.

हा चट्टा ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगावी फिरून नुसत्या उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. आशाताई आणि आरोग्यसेविका आपल्याकडेही घरोघर जातात. रक्तदाब विचारतात, साखर विचारतात. तोंड उघडायला सांगणे एवढेच वाढवायचे आहे.

म्हाताऱ्यांचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच जास्त चीड आणणारा. दात गेले की भाकरी दुधात कुस्करून खायची, शेंगदाणे, काकडी, मटण सोडून द्यायचे, हे आपण म्हातारपणाचे लक्षण मानले आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी काठी, कुबड्या, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. यादीत आहे हे चांगलेच. पण काठी शिबिरात हातात देता येते, कवळी देता येत नाही. माप घ्यायचे, मेणावर चावून पाहायचे, बसवल्यावर टोचते तिथे घासायचे, अशा चार-पाच भेटी लागतात. गावाजवळ दंतवैद्य नसेल तर ती कवळी डब्यात राहते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत तर दोष दातांचा नाही, बोअरवेलचा आहे. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असले की वाढत्या वयाच्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग कायमचे बसतात. त्यावर इलाज दंतवैद्याकडे नाही, पाणीपुरवठा खात्याकडे आहे.

जग या बाबतीत फार शहाणे आहे, असे नाही. पुन्हा मेरीलँड. जगातले पहिले दंत महाविद्यालय याच राज्यात बाल्टिमोरला १८४० मध्ये निघाले, वैद्यकापासून वेगळे, आणि दात हा उरलेल्या शरीराहून निराळा मामला आहे ही समजूत तिथूनच पक्की होत गेली. त्याच राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये डिअमाँटे ड्रायव्हर हा बारा वर्षांचा मुलगा दाढेतला पू मेंदूपर्यंत पोहोचून वारला. आई बेघर, सरकारी विम्याचे कवच मध्येच तुटलेले. दाढ काढायचा खर्च होता ८० डॉलर; दोन शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातल्या मुक्कामावर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. अमेरिकेतल्या वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ पासून दातांचे नेहमीचे उपचार वगळूनच चालत आली आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेत सारे फुकट देऊन पाहिले, तीन वर्षांत कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क आणले, आणि ती सेवा उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्याने सरकारी योजनेतले रुग्ण घ्यायला सुरुवात केली, तर बाहेर शेकड्यांची रांग लागली आणि पोलिसांना यावे लागले. पैशाची ओढाताण सुरू झाली की कात्री सगळ्यांत आधी दातांवर पडते.

ब्राझीलने मात्र २००४ मध्ये ‘हसरा ब्राझील’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम काढून गावपातळीवरच्या आरोग्य पथकांना दंतवैद्य जोडले. न्यूझीलंडने त्याच्या कितीतरी आधी, १९२१ पासून, शाळांसाठी दंतपरिचारिका तयार केल्या. मुलांचे दात त्याच भरत. आपल्याकडे असे काही सुचवले की दंतवैद्यांच्या संघटना हरकत घेतील, हे गृहीत धरावे. अलास्काच्या आदिवासी वस्त्यांत असे प्रशिक्षित सहायक नेमले तेव्हा अमेरिकी दंतवैद्यांची संघटना न्यायालयात गेली होती. सहायक टिकले.

स्वस्त उपायही हाताशी आहेत. टांझानियात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत विजेशिवाय, हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला की कीड जागीच थांबवता येते. दात तिथे काळा पडतो, एवढा त्याचा तोटा. हे दोन्ही पदार्थ आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. टूथपेस्टवरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

गरिबांना काळा दात आणि श्रीमंतांना पांढरी कॅप, हा भेदच झाला, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. पण आज गरिबाच्या वाट्याला काळा दातही येत नाही, खड्डा येतो. रांगणाऱ्या वयापासून अंगणवाडीत दात पाहणे, प्राथमिक केंद्रात सिमेंट भरणे, ग्रामीण रुग्णालयात रूट कॅनाल आणि कवळी, आणि या सगळ्याचा खर्च फुले योजनेच्या बाह्यरुग्ण कक्षेत, एवढे झाले तर पांढऱ्या कॅपचा वाद घालायला सवड मिळेल.

तोवर वाचकांनी एक काम करावे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: दंतवैद्याचे पद भरलेले आहे का, दंतखुर्ची गेल्या वर्षात किती दिवस बंद होती, आणि त्या वर्षात दाढा किती काढल्या व किती भरल्या. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ आहे, आणि उत्तर तीस दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे.